अक्का गावाला गेली नव्हती

बेंगळुरूच्या पीण्यात आमच्या वठारात येऊन कुणालाही विचारा, नागीण बांधणारी बाई कुठं राहते, तर शेंबडं पोरसुद्धा नळाच्या पलीकडची खोली दाखवील. वठार म्हणजे काय मोठं नाही, एका मालकाच्या पत्र्याच्या खोल्यांची रांग, मध्ये एक नळ, टोकाला सगळ्यांचा मिळून संडास आणि चारी बाजूंनी कारखान्यांची घरघर. तिथं राहते ती आमची यल्लव्वाअक्का. माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा मला धड भाकरी थापता येत नव्हती. तिनं शिकवली, माझी बाळंतपणं काढली, म्हणून जाऊ असली तरी मी तिला अक्का म्हणते आणि खुशाल अगंतुगं करते. माझं तोंड फाटकं आहे, हे अख्ख्या वठाराला ठाऊक आहे. अक्काचं तसं नाही. ती सगळ्यांचं ऐकून घेते, आणि तिथंच घोळ झाला.

नागीण ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगते. कमरेला नाहीतर छातीला एका अंगानं पुरळ उठतं, त्यात पाणी भरतं आणि आग अशी होते की अंगावर पातळाचा पदर ठेववत नाही. इथली माणसं तिला सर्पसुत्तु म्हणतात. सर्प अंगाला वेढा घालत जातो आणि त्याचं तोंड नि शेपूट एकमेकांना मिळालं की माणूस खलास, असं सगळेच मानतात, कन्नड काय नि मराठी काय. म्हणून ती मिळायच्या आत बांधून घ्यायची. अक्का सहाणेवर गेरू उगाळायची, तोंडातल्या तोंडात मंत्र पुटपुटायची आणि बोटानं फोडांच्या भोवती रेघ ओढून नागिणीची वाट बंद करायची. रविवारी आणि गुरुवारी, सकाळी, उपाशीपोटी. माणूस बरा झाला की नारळ घेऊन यायचा. आमच्या घरात इतके नारळ यायचे की मी आमटीत खोबरं, भाजीत खोबरं, चटणीत खोबरं घालून घालून वैतागले होते.

हा हात तिला आमच्या सासूबाईंनी दिला. आम्ही मूळचे निपाणीकडचे. देवाप्पा भावजी, म्हणजे अक्काचे मालक, इथं लेथवर कामाला लागले आणि मागोमाग सगळं घर आलं. सासूबाई गावात नागीण बांधायच्या, इथं आल्यावरही बांधत राहिल्या. जाताना त्यांनी अक्काच्या हातात गेरूचा खडा ठेवला आणि तीन अटी घातल्या. पैसा घ्यायचा नाही. दारात आलेल्याला माघारी धाडायचं नाही. आणि या घरात कुणाला नागीण झालीच तर त्यावर दवाखान्याची सुई-गोळी चालणार नाही, तसं केलं तर हाताचा गुण जाईल. भावजींनी आईच्या उशाशी बसून शब्द दिला. अक्काला कुणी विचारलंसुद्धा नाही. पण तिनं तो शब्द माझ्या माहितीत कधी मोडला नाही. ताप अंगात असताना ती गेरू उगाळायला बसलेली मी बघितली आहे. लेथवरची माणसं यायची, शिवणकामाच्या कारखान्यातल्या बायका यायच्या, एकदा तर एका कारखान्याचा मालक गाडी गल्लीच्या तोंडाला लावून नाकाला रुमाल धरून आला होता. भावजींचा रुबाब त्यामुळंच होता. नोकरी सुटली तरी चहाच्या टपरीवर त्यांना लोक जागा करून द्यायचे.

गेल्या उन्हाळ्यात अक्काचं डोकं दुखायला लागलं. उजव्या अंगाचं कपाळ जळतंय म्हणाली. आम्हाला वाटलं, पत्र्याखालची धग, दुसरं काय. शनिवारी सकाळी मी कामाला जाता जाता तिच्याकडं डोकावले, तर ती आरसा घेऊन दारात उजेडाला बसली होती. केसांपासून खाली भुवईपर्यंत पुरळ उठलेलं, पापणी सुजलेली, आणि सगळं बरोबर कपाळाच्या मधोमध थांबलेलं. तिला कुणी सांगायची गरजच नव्हती. तिनं आरसा पालथा ठेवला. भावजी उठले, त्यांनी तिला दंडाला धरून आत नेलं आणि दार लावून घेतलं.

आपली नागीण आपण बांधायची नसते. मंत्र तर फक्त तिलाच येत होता. मग काय, ती डोळे मिटून मंत्र म्हणायची आणि भावजी आपल्या बोटानं तिच्या कपाळावर गेरूची रेघ ओढायचे. रेघ वाकडी जायची, गेरू पापणीवर ओघळायचा. ते बघून मला हसावं की रडावं कळेना.

रविवारी लोक आले. भावजींनी अर्धं दार उघडून सांगितलं, यल्लव्वा गावाला गेली आहे, स्वल्प दिवसांनी येईल. मी नळावर उभी होते. माझ्या हातातली कळशी तशीच राहिली. नागीण बांधणाऱ्या बाईला नागीण झाली हे लोकांना कळलं तर काय राहील, असं भावजींचं म्हणणं. अक्काला त्यांनी मागच्या खोलीत ठेवलं होतं. तिला खोली म्हणायचं एवढंच, स्वयंपाकघराच्या पाठीमागं अंथरूण घालायची जागा. खिडकी नाही, वर पत्रा. बाहेर बाकावर बसलेल्या माणसांचं बोलणं तिला शब्दन् शब्द ऐकू यायचं. कोण कण्हतंय, कोण विचारतंय अक्का कधी येणार. तिनं खोकायचं नाही, भांडं वाजवायचं नाही. संडासला उजाडायच्या आधी पदर तोंडावर ओढून जायचं आणि मग दिवसभर कळ सोसायची. म्हणून ती पाणीसुद्धा प्यायची नाही. पत्र्याखाली, त्या उकाड्यात, घोटभर पाण्यावर. मला इतका संताप आला होता, की भावजींच्या समोर मी कधी मान वर करून बोलत नाही, तरी त्या दिवशी बोलले. जिवंत माणसाला पुरून ठेवलंय तुम्ही, म्हटलं. ते म्हणाले, आईचा शब्द आहे. त्यांचेही डोळे लाल झाले होते, रात्रभर तिला वारा घालत बसत होते ते. वाईट माणूस असता तर भांडून मोकळी झाले असते मी.

सोमवारी मी अर्धा दिवस सुट्टी टाकून दवाखान्यात गेले. मी वॉशर पॅकिंगच्या कारखान्यात आहे, तिथल्या बायका ज्या डॉक्टरीणबाईंकडं जातात त्यांच्याकडंच गेले. जाऊबाईला नागीण झालीय म्हटलं, कपाळावर. त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि पहिलं हे विचारलं, की नाकाच्या शेंड्यावर फोड आलाय का? आला होता. कालच आला होता. त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि मला समजेल अशा कन्नडमध्ये सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, लहानपणी कांजिण्या येतात ना, आपण ज्याला अंगावर आई आली म्हणतो, त्या विषाणूमुळं येतात. फोड वाळतात, आपण न्हाऊन मोकळे होतो, पण तो विषाणू अंगातून जात नाही. मणक्यापाशी, डोक्यापाशी, नसांच्या मुळाशी जाऊन दडून बसतो. चाळीस वर्षं बसेल, पन्नास वर्षं बसेल. वय झालं, अंगातली ताकद कमी झाली की जागा होतो आणि ज्या नसेत बसला असेल त्याच नसेच्या वाटेनं बाहेर येतो. म्हणून नागीण एकाच अंगाला असते. ती कधी वेढा पुरा करत नाही, करू शकत नाही. अंगावरची दोन-तीन आठवड्यांत आपोआप वाळते, बांधा नाहीतर बांधू नका. पण कपाळावरची नस डोळ्याकडं जाते, नाकाच्या शेंड्याकडंही तीच जाते. तिथं फोड आला म्हणजे ती डोळ्यात उतरते आहे असं धरायचं. पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू केल्या तर सगळ्यात बरं, उशीर झाला असेल तरी आजच आणा. डोळ्यातल्या बुबुळावर डाग पडला तर तो जात नाही.

मी रिक्षा करून आले. रिक्षा गल्लीच्या तोंडाला थांबवून ठेवली आणि सरळ मागच्या खोलीत शिरले. अक्का भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. कांजिण्या, नस, डोळा. मला वाटलं ती चकित होईल. ती शांतपणे म्हणाली, "ती आपोआप उतरते, हे मला कधीपासून ठाऊक आहे."

मग तिनं मला जे सांगितलं ते तिनं भावजींनाही कधी सांगितलं नव्हतं. काही वर्षांमागं गावाकडून येणारा गेरू संपला होता. दारात माणूस बसलेला. तिनं रांगोळीवाल्याकडची लाल पूड पाण्यात कालवून लावली. त्या दिवशी अंगात ताप होता म्हणून मंत्रही मध्येच विसरली. तो माणूस बरा होऊन नारळ घेऊन आला. पुढं एकदा मुद्दाम मंत्र न म्हणता नुसतेच ओठ हलवून बघितलं. तोही बरा झाला. त्या दिवसापासून ती सगळं ओळखून होती आणि तरी दर रविवारी, दर गुरुवारी बसत होती.

"सांगू कुणाला गं?" ती म्हणाली. "माणसं रडत येतात, मरणार म्हणून. मी रेघ ओढली की निवांत झोपतात. ती झोप तरी खरी असते ना?"

आणि म्हणूनच तिला स्वतःच्या नागिणीची भीती वाटत नव्हती. सगळ्यांची उतरली, माझीही उतरेल, आणखी थोडे दिवस कळ काढायची, मग गावाहून आले म्हणून बाहेर यायचं, असा तिचा हिशोब. माझं डोकं फिरलं. मी तिचे खांदे धरून म्हटलं, "अक्का, डोळ्यापाशी नागीण असलेली माणसं तुझ्याकडं आली असतील. त्यातलं कोण परत नारळ घेऊन आलं, सांग."

बराच वेळ ती आठवत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. कुणी आलं नव्हतं. बरे झालेलेच येतात, नारळ घेऊन येतात. बाकीचे कुठं गेले हे तिला कधी कळलंच नव्हतं. पण तेवढ्यात भावजी आत आले, रिक्षा कुणासाठी थांबवलीय म्हणून. मी सांगितलं. ते दारात आडवे उभे राहिले आणि हात जोडून मला म्हणाले, की महानंदा, आईचा शब्द मोडायला लावू नकोस. अक्कानं माझा हात हळूच बाजूला केला आणि पुन्हा भिंतीकडं तोंड केलं. रिक्षा रिकामी परत गेली. मी तीन-चार दिवस त्यांच्या घरचं पाणी प्यायले नाही, एवढंच माझ्या हातात होतं. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेल्या गोळ्या मी आणून दिल्या होत्या, त्या भावजींनी देव्हाऱ्यात नेऊन ठेवल्या. देवाला नागीण झाली होती जणू.

गुरुवारी पुन्हा लोक आले. पाच-सहाजण असतील. भावजींनी पुन्हा तेच सांगितलं आणि लोक उठायला लागले. महांतेश म्हणून एकजण मात्र उठेना. विजापुराकडचा पोरगा, वेल्डिंगच्या कारखान्यात काम करतो, घरी मराठी नि बाहेर कन्नड, आमच्यासारखाच. त्याच्या कपाळावर डाव्या बाजूला फोड होते, अगदी ताजे, आणि डोळा लाल झाला होता. मी कामाला निघाले होते, त्याला बघून थांबले. मी त्याला दवाखान्यात जा म्हणून सांगितलं. त्यानं ऐकूनच घेतलं नाही. सर्पसुत्तुवर दवाखान्याची सुई घेतली की विष डोक्यात चढतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तो बाकावर पाय वर घेऊन बसला आणि म्हणाला, "अक्का गावाहून येईपर्यंत मी इथंच बसतो. दोन दिवस लागू देत, चार दिवस लागू देत."

भावजी म्हणाले, नाही येणार लवकर. तो म्हणाला, सरी, ठीक आहे, बसतो.

मागच्या खोलीत हे सगळं ऐकू जात होतं. आत भांडं पडल्याचा आवाज आला. भावजी दचकून वळले, तोवर अक्का दारात आली होती. केस सुटलेले, अर्ध्या तोंडावर वाळलेला गेरू, खपल्या, आणि उजवा डोळा सुजून पार मिटलेला. इतक्या दिवसांनी उजेडात आल्यामुळं तिला डावाही नीट उघडता येत नव्हता. ती चौकटीला धरून उभी राहिली. बाकावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या.

भावजी पुटपुटले, आत चल. ती म्हणाली, "आत्याबाईंनी, तुमच्या आईनंच, सांगितलंय, दारात आलेल्याला माघारी धाडायचं नाही. तुम्ही रविवारपासून धाडताय."

मग ती महांतेशला म्हणाली, मी गावाला गेले नव्हते, मला नागीण झाली होती म्हणून लपले होते. माझा डोळा गेला असं वाटतंय. तुझा अजून आहे. ऊठ, आपण दोघं मिळून दवाखान्यात जाऊ. सगळं एवढं सरळ सांगून झालं, तर त्या गाढवानं काय विचारावं? म्हणाला, येतो, पण आधी बांधा. बांधल्याशिवाय मी सुई घेणार नाही.

अक्का त्याच्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता ही किंचाळेल. मी असते तर किंचाळले असते. तिनं मला आतून सहाण आणायला सांगितली. तिथंच उंबऱ्यावर बसून चार वेळा गेरू उगाळला, त्याच्या फोडांना हातही लावला नाही, मनगटावर एक बोट ओढलं आणि म्हणाली, "झालं. बांधली. आता चल." तो मुकाट्यानं उठला. भावजी देव्हाऱ्याकडं बघत उभे होते. मग त्यांनी पायात चपला घातल्या आणि रिक्षा बघायला गल्लीच्या तोंडाकडं गेले.

डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही मोठ्या इस्पितळात डोळ्यांच्या डॉक्टरांकडं धाडलं. महांतेश वेळेत पोचला होता. अक्का नव्हती पोचली. बुबुळावर डाग पडला होता, आतही सूज पसरली होती. औषधांनी फोड वाळले, पण कपाळाची आग आजही जात नाही, वाऱ्याची झुळूक लागली तरी ती हात कपाळाशी नेते. उजव्या डोळ्यानं तिला उजेड आहे की अंधार एवढंच कळतं. तुमकूर रोड ओलांडताना भावजी आता तिच्या उजव्या अंगाला चालतात, हात धरून. पूर्वी चार पावलं पुढं चालायचे.

आणि आता ऐका. महिन्याभरानं महांतेश आला. दोन्ही डोळे लखलखीत, हातात नारळ, सोबत आणखी दोघंजण, नागीण झालेले. अक्का उंबऱ्यात बसली होती, मी तिच्या शेजारी लसूण सोलत होते. त्यानं वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं त्याची हनुवटी धरून त्याचा डोळा जवळून निरखला, आपल्या एका डोळ्यानं, आणि विचारलं, ह्यानं नीट दिसतं ना? तो म्हणाला, एकदम स्पष्ट दिसतं. मग सोबतच्या दोघांकडं वळून अभिमानानं सांगायला लागला, "गोळ्या तर अक्कानंही घेतल्या, पण अक्काला कुणी बांधणारं नव्हतं. मला अक्कानं बांधली. हाताचा गुण आहे यांच्या."

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मी उठलेच होते. अक्का मला शोधत होती. मी तिच्या उजव्या बाजूला होते, म्हणून तिनं सगळी मान वळवली तेव्हा कुठं तिला मी दिसले.

"नंदा," ती म्हणाली, "सहाण आण."

मी म्हटलं, अक्का, अजून?

"गेरू लावल्याशिवाय ही माणसं दवाखान्याची पायरी चढत नाहीत. बघितलंस ना?" ती हसली, पण तिचा डावा डोळा भरून आला होता. "माझी सुटका नाही गं यातून."

मी आत जाऊन सहाण आणली. तिनं त्या दोघांच्या मनगटावर बोट ओढलं, झालं म्हणाली, आणि भावजी त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. नारळ मी फोडला. त्या दिवशी आमटीत पुन्हा खोबरं होतं, आणि ती आमटी मला गिळवली नाही.